फोटोला हार घातला की गोष्ट संपते का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आपल्या मालिकांमध्ये माणूस कसा मरतो, हे तुम्हा-आम्हाला पाठ झालेलं आहे. देवघरातला दिवा फडफडतो, हातातलं ताट खाली पडतं, मग घरातल्या प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा जवळून दाखवला जातो. दुसऱ्या दिवशीच्या भागात पांढरी वस्त्रं, भिंतीवर फोटो, फोटोला हार. तिसऱ्या दिवशी वकील मृत्युपत्र घेऊन येतो आणि आठवड्याभरात त्याच दिवाणखान्यात कुणाच्या तरी साखरपुड्याची तयारी सुरू होते.

या सगळ्या गर्दीत एक माणूस मला कधी सापडत नाही. तो म्हणजे तेरा ते एकोणीस या वयातला मुलगा किंवा मुलगी. लहान मूल असतं; ते निरागसपणे ‘बाबा कुठे गेले?’ असं विचारतं आणि आपल्या डोळ्यांत पाणी आणतं. मोठी माणसं असतात. ती रडतात, भांडतात, कारस्थानं करतात. पण ज्याला मृत्यू म्हणजे काय ते पुरतं कळलेलं आहे आणि त्याचं काय करायचं ते मुळीच कळलेलं नाही, असं ते अधलंमधलं पोर पडद्यावरून गायब असतं.

ते जातं कुठे? मालिकेच्या लेखकांकडे एक सोयीचं साधन आहे. त्याला ‘लीप’ म्हणतात. आजच्या भागात सात वर्षांचा मुलगा बापाच्या चितेकडे पाहत उभा असतो आणि सोमवारी तोच मुलगा पंचविशीचा, दाढी राखलेला, मोटारीतून उतरताना दिसतो. सिनेमाने ही युक्ती आधीच वापरलेली होती. १९७३ च्या ‘जंजीर’मध्ये आई-वडिलांचा खून डोळ्यांनी पाहणारा मुलगा थोड्याच वेळात पोलीस इन्स्पेक्टर होऊन समोर येतो. मधली वर्षं कापलेली असतात. आणि श्रोतेहो, दुःख तर त्या कापलेल्या वर्षांतच असतं.

मी हे थोडं अधिकाराने सांगू शकतो. माझे अब्बा गेले तेव्हा मी दहावीत होतो. साल १९८५. सक्करदऱ्यात त्यांचं शिवणकामाचं लहानसं दुकान होतं. दुपारी गेले आणि मगरिबच्या नमाजनंतर दफन झालं. कबरीत उतरवताना खांदा दिला, तीन मुठी माती दिली, घरी आलो. शेजारच्या गुरुजींच्या घरून जेवण आलं होतं. तीन दिवस चूल पेटली नाही. तिसऱ्या दिवशी तीजा झाला, चाळिसाव्या दिवशी चाळिसावा. अम्मीची चार महिने दहा दिवसांची इद्दत सुरू होती, म्हणजे तिच्या दुःखाला घराने आणि धर्माने एक मुदत दिली होती, एक खोली दिली होती. मला मात्र चौथ्या दिवशी शाळेत जायचं होतं.

आदल्याच वर्षी माझ्या वर्गातल्या एका मित्राचे वडील गेले होते. तो तेरवीनंतर शाळेत आला तेव्हा त्याचं डोकं भादरलेलं होतं. सबंध शाळेला न सांगता कळलं. मास्तरांनी त्याला दोन महिने फळ्याजवळ बोलावलं नाही. माझ्या डोक्यावर केस जसेच्या तसे होते. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. लोकांना आठवण राहावी असं माझ्या अंगावर काही नव्हतं. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत तो मित्र सायकल घेऊन आला आणि एवढंच म्हणाला, “चल बे, चक्कर मारून येऊ.” त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही संध्याकाळी उमरेड रोडने सायकली हाणत राहिलो. बापाबद्दल तोही बोलला नाही, मीही बोललो नाही. पण त्याला माहीत आहे, एवढं मला माहीत होतं.

आणि भेटायला येणारी मोठी माणसं काय म्हणत? “आता तूच घरचा मोठा. रडू नको, अम्मीला सांभाळ.” माया होती त्या बोलण्यात, खोटं कशाला सांगू? पण पंधरा वर्षांच्या पोराला ते वाक्य ओझ्यासारखं लागतं. एका हाताने त्याचा बाप काढून घेतला जातो आणि दुसऱ्या हाताने त्याचं पोरपण. मी रडायचं थांबवलं. त्याच आठवड्यात मैदानावर क्रिकेटही खेळलो. एक म्हातारी शेजारीण अम्मीला म्हणाली, “पोट्ट्याले काही वाटलंच नाही वाटते.”

वाटत होतं. फक्त ते दिसण्याची तऱ्हा वेगळी होती. पुढे वाचनात आलं तेव्हा त्याला नावं मिळाली. हॉलंडमधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं की, शोक करणारा माणूस दोन काठांमध्ये ये-जा करतो. कधी तो गेलेल्या माणसाकडे तोंड करून बसतो, कधी त्याच्याकडे पाठ करून रोजच्या कामाला लागतो, आणि ही ये-जा निरोगी आहे. मोठ्या माणसांच्या फेऱ्या लांब असतात. मुलांच्या लहान आणि अचानक. सकाळी बापाच्या चपला पाहून गळा दाटतो, दुपारी तोच मुलगा षटकार मारून ओरडतो, रात्री पुन्हा उशी ओली. दुपारचं ओरडणं पाहून रात्रीचं रडणं खोटं ठरवू नये, एवढीच गोष्ट आहे.

शोकाचे पाच टप्पे असतात, नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार, असं आपण कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली ते लिहिले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी पुढे ते सरसकट लावले गेले. आणि दूरचित्रवाणीला तर ते फारच आवडले, कारण टप्पे म्हणजे भाग. पाच भागांत दुःख आटोपतं. प्रत्यक्षात पंधरा वर्षांच्या मुलाचा राग पहिल्या दिवशी येत नाही, तो चार वर्षांनी कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांची सही हवी असते तेव्हा येतो.

आता तुम्ही म्हणाल, मालिका ही करमणूक आहे, तिच्याकडून एवढी अपेक्षा कशाला? अपेक्षा यासाठी की, त्या वयाचं मूल कुणाला काही विचारत नाही, पण पाहतं सगळं. आमच्या पिढीने मृत्यू पहिल्यांदा पडद्यावर पाहिला तो ३ नोव्हेंबर १९८४ ला. इंदिरा गांधींच्या अंत्यसंस्काराचं दूरदर्शनवरून थेट प्रक्षेपण होत होतं. नागपुरात दूरदर्शन येऊन दोनच वर्षं झाली होती. गुरुजींच्या घरी ओसरीपर्यंत माणसं बसली होती. सगळे पंतप्रधानांकडे पाहत होते. मी पाहत होतो तो त्यांच्या मुलाकडे, राहुलकडे. तो चौदा वर्षांचा होता, माझ्याच वयाचा. आजी गेलेल्या त्या मुलाने आता काय करावं, हात कुठे ठेवावेत, कुणाकडे पाहावं, हे त्याला कळत नसावं असं मला वाटलं. राजकारण कुणाचं काहीही असो, त्या दिवशी त्याच्यासमोर देशभराचा कॅमेरा होता. वर्षभराने माझी पाळी आली तेव्हा माझ्यासमोर कॅमेरा नव्हता, पण हात कुठे ठेवावेत ते मलाही कळत नव्हतं.

त्याच काळात ‘हम लोग’ सुरू होती. जुलै १९८४ ते डिसेंबर १९८५. त्यातल्या दादीला कर्करोग होतो आणि तिचं आजारपण आठवडेच्या आठवडे घरात राहतं. कुणाला घाई नसते. शिवाय भाग संपला की अशोककुमार पडद्यावर येऊन प्रेक्षकांशी चार शब्द बोलत. आज ते भाबडं वाटेल, पण एका वडीलधाऱ्या माणसाने गोष्ट संपल्यावर जागेवरून न उठता आपल्याशी बोलत राहणं, ही मोठी गोष्ट होती. माझ्यासारख्या मुलाला तेव्हा घरात नेमकं तेच हवं होतं.

नंतर खाजगी वाहिन्या आल्या आणि मृत्यूचा भाव बदलला. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधला मिहिर २००१ साली मेला आणि घराघरांत सुतक पडल्यासारखं झालं. प्रेक्षकांनी एवढा हट्ट धरला की, मिहिरला परत आणावं लागलं. त्यानंतर कितीतरी मालिकांत मेलेली माणसं परतली. कुणाची स्मृती गेली होती, कुणाचा चेहरा बदलला होता. मोठ्यांना यात गंमत वाटते. पण ज्या घरात महिन्यापूर्वी खरंच कुणी गेलं आहे, तिथल्या तेरा वर्षांच्या मुलीला हे पाहताना काय वाटत असेल? त्या वयात मृत्यू कायमचा असतो हे बुद्धीला पटलेलं असतं, मनाला नसतं. दारावरची बेल वाजली की मन अजून उठून बसतं. तिथे पडदा रोज सांगतो की, हट्ट धरला तर माणूस परत येतो. मग ते आपल्याकडे का आलं नाही? आपलाच हट्ट कमी पडला का?

सगळंच वाईट आहे असं मी म्हणत नाही. १९९५ ची ‘हम पाँच’ आठवा. घरात पाच मुली आणि भिंतीवर हार घातलेल्या फोटोत पहिली आई. प्रिया तेंडुलकर. ती फोटोतून नवऱ्याशी बोलते, टोमणे मारते, दुसरीबद्दल शेरे देते. विनोदी मालिका होती, आपण पोट धरून हसलो. पण तिच्यात एक खरी गोष्ट अनायास आली होती. गेलेलं माणूस घरातलं बोलणं थांबवत नाही. अमेरिकेत वर्डन आणि सिल्व्हरमन या अभ्यासकांनी बोस्टन भागातल्या ७० कुटुंबांमधल्या, आई किंवा वडील गेलेल्या १२५ मुलांचा अभ्यास केला होता. मुलं सहा ते सतरा वर्षांची होती. त्यांना दिसलं की, मुलं गेलेल्या पालकाला मनातून काढून टाकत नाहीत. त्याच्याशी बोलतात, त्याची वस्तू जवळ ठेवतात, तो आपल्याकडे पाहतो आहे असं मानतात. ‘विसर आता’ हा आपला लाडका सल्ला मुलं ऐकत नाहीत, आणि ते बरंच आहे. अब्बांची मोजपट्टी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

परदेशातलं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या कार्यक्रमात दुकानदार मिस्टर हूपरचं काम करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. निर्मात्यांना दुसरा नट आणता आला असता, ‘हूपर गावी गेले’ असं सांगता आलं असतं. त्यांनी तज्ज्ञांना विचारलं आणि खरं सांगायचं ठरवलं. नोव्हेंबर १९८३ मध्ये, सुट्टीच्या दिवशी, म्हणजे आई-वडील शेजारी बसलेले असतील अशा वेळी तो भाग दाखवला गेला. त्यात मोठी माणसं बिग बर्डला स्पष्ट सांगतात की, हूपर वारले आहेत आणि ते परत येणार नाहीत. सांगताना त्यांचेही डोळे भरून येतात. तान्ह्यांच्या कार्यक्रमाला जे जमलं ते आपल्या रात्री आठच्या मालिकांना जमू नये?

आपल्या मराठीत हे जमलेलं आहे, फार पूर्वीच. साने गुरुजींची आई १९१७ साली गेली तेव्हा ते सतरा वर्षांचे होते आणि शेवटच्या क्षणी तिच्याजवळ नव्हते. ‘श्यामची आई’ त्यांनी लिहिली १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात. म्हणजे सतराव्या वर्षीचं दुःख पंधरा वर्षं आत वाहत राहिलं आणि मग शब्द झालं. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट मी दूरदर्शनवर कितीदा पाहिला असेन, आणि दर वेळी अम्मी शेजारी बसून पदराने डोळे पुसत असे. श्याम कोकणातला ब्राह्मणाचा मुलगा, मी सक्करदऱ्यातल्या शिंप्याचा. आईसाठी उशिरा पोचणाऱ्या मुलाला जात-धर्म विचारायचं तिला कधी सुचलं नाही.

अलीकडे २०१४ मध्ये दोन चित्रपट आले. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’त वडील गेलेला अकरा वर्षांचा चिन्मय आईच्या बदलीमुळे कोकणात येतो. तो रडत फारसा नाही. चिडतो, मित्रांशी अबोला धरतो, पावसात एकटा पडतो. आणि आई स्वतः नव्या कचेरीत धडपडत असते. दोघं एकाच घरात राहून एकमेकांपासून आपलं दुःख लपवतात. परेश मोकाशींच्या ‘एलिझाबेथ एकादशी’त पंढरपूरचा ज्ञानेश वडिलांनी बनवलेली सायकल विकली जाऊ नये म्हणून वारीच्या गर्दीत बांगड्या विकायला उभा राहतो. कुणी त्याला ‘तू बाबांना किती मिस करतोस’ असं विचारत नाही. ती सायकलच सगळं सांगते. दोन्ही चित्रपट नंतर घराघरांतल्या पडद्यावर आले. मालिका लिहिणाऱ्यांनी ते पाहिलेच असतील.

श्रोतेहो, मालिकांपेक्षा मला बातम्यांची काळजी जास्त वाटते. आपल्या विदर्भाने सामूहिक मरणं पुष्कळ पाहिली. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातल्या मोवाडमधली २०४ माणसं नेली. २३ नोव्हेंबर १९९४ ला इथे नागपुरात, विधानभवनाजवळच्या चेंगराचेंगरीत ११४ गोवारी बांधव गेले. तेव्हा चोवीस तासांच्या बातम्या नव्हत्या. त्या घरांतली चौदा-पंधरा वर्षांची मुलं आज पन्नाशीच्या आसपास आहेत. त्यांचं तेव्हाचं दुःख कुणी टिपलं नाही, याचं वाईट वाटतं. आणि कुणी माइक पुढे केला नाही, याचं बरंही वाटतं.

पुढे तो माइक आला. २००६ च्या जुलैमध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, आणि वाहिन्यांच्या गाड्या यवतमाळ-वर्ध्याच्या पांदणींतून फिरू लागल्या. त्या चित्रीकरणाची एक ठरावीक चौकट झाली. मध्ये डोक्यावर पदर घेतलेली बाई, मांडीवर लहान लेकरू, मागे हार घातलेला फोटो. आणि चौकटीच्या कडेला, दाराला टेकून, नववी-दहावीतलं पोर. कॅमेरा त्याच्याकडे वळत नसे, किंवा वळलाच तर एकच प्रश्न असे: “तुला काय वाटतं?” त्याला वाटत होतं ते सांगायला शब्दच नव्हते. उद्यापासून औत कोण धरणार, सावकाराला काय सांगायचं, आणि कालच बापाशी भांडलो होतो ते कुणाला सांगायचं, हे सगळं त्या एका प्रश्नात कसं बसावं? सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये, २००९ मध्ये, आई लहानग्याला बापाच्या मागे पाळतीवर ठेवते, कारण बाप जीव देईल अशी तिला भीती असते. असं पहारा देणारं मूल, बाप खरंच गेल्यावर, स्वतःला काय म्हणत असेल?

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख माध्यमांनी उघड करायची नाही. कायदा आहे. पण कायद्याआधी माणुसकी आहे. रडणाऱ्या पोराचा चेहरा दाखवल्याने बातमी जास्त खरी होत नाही.

मग २०२१ आलं. नागपूरच्या मोक्षधाम, गंगाबाई घाटांवर आणि कबरस्तानांत जागा पुरेना. तेरवीला माणसं नाहीत, तीजाला माणसं नाहीत, शेवटचं तोंडही पाहायला मिळालं नाही. जे काही विधी आपल्याला धरून ठेवतात ते सगळे एकदम गेले. मुलांच्या हातात उरला मोबाइल आणि समोर दूरचित्रवाणी, जिच्यावर चितांच्या रांगा. दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी केंद्राने त्याच वर्षी वयाच्या तेविसाव्या वर्षी दहा लाख मिळतील अशी योजना आणली, राज्यानेही पाच लाखांची ठेव जाहीर केली. ते आवश्यक होतं. पण ठेवीची पावती संध्याकाळी सायकल घेऊन दारात येत नाही.

ती सायकल तुम्हाला-मला न्यायची आहे. म्हणून चार साध्या गोष्टी सांगतो. मुलाला खरं सांगा, ‘बाबा गावी गेले’ असं नको. अंत्यविधीला यायचं की नाही ते त्याला विचारा. ‘तूच आता मोठा’ हे वाक्य निदान वर्षभर तोंडातून काढू नका. आणि गेलेल्या माणसाचं नाव घरात घेत राहा. “तुझ्या अब्बांना ही भाजी आवडायची” एवढं म्हटलं तरी पुरे. मुलाला कळतं की, या घरात बोलायला मुभा आहे. पडद्यावर मरणाचा प्रसंग आला तर घाईने चॅनल बदलू नका, शेजारी बसा. मुलगा उठून गेला तर जाऊ द्या. बसून राहिला तर जाहिरात लागल्यावर पाणी द्या.

शिक्षकांना सांगणं एवढंच की, हजेरीपटाशेजारी अशा मुलांची आठवण ठेवा. पहिल्या महिन्यात सगळे ठेवतात; तुम्ही सहाव्या महिन्यात ठेवा, वडिलांच्या वाढदिवशी ठेवा, निकालाच्या दिवशी ठेवा.

मालिका लिहिणाऱ्यांना विनंती आहे. एकदा तरी लीप घेऊ नका. एका पंधरा वर्षांच्या मुलीला वर्षभर तुमच्या मालिकेत राहू द्या. ती चिडेल, नापास होईल, मैत्रिणीच्या वडिलांकडे पाहून मत्सर करेल, एक दिवस खळखळून हसेल आणि हसल्याबद्दल तिला अपराधी वाटेल. यात नाट्य कमी नाही. प्रेक्षक टिकतील, कारण प्रत्येक गल्लीत अशी एक मुलगी आहे.

आणि ऐकणाऱ्यांत त्या वयाचं कुणी असेल तर त्याच्याशी दोन शब्द. बाळा, तुला रडू येत नसेल तर तू दगड नाहीस. खेळावंसं वाटत असेल तर खेळ. बोलावंसं वाटलं आणि घरात कुणी नसलं, किंवा जगणं नको वाटायला लागलं, तर १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, दिवस-रात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. यातलं काही नको असेल तर वहीच्या मागच्या पानावर लिही. कविता व्हायलाच हवी असं नाही. तारीख घाल आणि त्या माणसाबद्दल एक गोष्ट लिही; त्याचा आवाज, त्याची चप्पल, त्याची शिवी, काहीही.

ते पान कुणाला दाखवायचं, हे तुझं तू ठरव.